मशीनजवळची स्लिपर

आईकडे वॉशिंग मशीनच्या पुढ्यात निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपरचा एक जोड कायम ठेवलेला असतो. तो घालून कुणी घरात फिरत नाही की बाथरूममध्ये जात नाही. तो मशीनचा जोड. गेल्या श्रावणात काही दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. बाहेर रिपरिप चालू होती, मी चहाचा कप घेऊन ओट्याशी उभी होते, आणि कामाला येणाऱ्या मावशी बाथरूमबाहेरच्या बोळकांडीत मशीनमधले कपडे काढायला गेल्या. आई कणीक मळत होती. मान न वळवता ती म्हणाली, ‘मावशी, स्लिपर घाला हं. करंट येतोय त्याला.’ दूध उतू जाईल, जरा बघा, असं सांगताना तिचा जो आवाज असतो तोच आवाज. ‘घातली काकू,’ आतून उत्तर आलं. मी डोकावून पाहिलं. फरशी ओली होती, मावशींच्या साडीचा काठ ओला होता, आणि त्या झाकणाला आधी बोटांची मागची बाजू हळूच टेकवून बघत होत्या. तापलेल्या तव्याचा अंदाज घेतात तसं. मग त्यांनी झाकण उघडलं आणि पिळलेल्या चादरींचा वेटोळा ओढून काढायला लागल्या.

त्यांच्या स्वतःच्या चपला दाराबाहेर, जिन्यात होत्या. आमच्याकडे कामाला येणारी प्रत्येक बाई चपला बाहेर काढूनच आत येते. काढा असं आम्ही कधी सांगितलं नाही, आणि काढू नका असंही कधी म्हटलं नाही. म्हणजे घरात ज्या माणसाचे हात दिवसभर पाण्यात, तेच माणूस अनवाणी. ती स्लिपर आईने आपुलकीनेच आणून ठेवली होती, याबद्दल मला शंका नाही. तरी त्या दिवशी कप हातात तसाच राहिला आणि चहा निवला.

कारण ती स्लिपर मीही चार वर्षं घालत होते. मशीनला हात लागला की मनगटापर्यंत मुंग्या यायच्या, मी हात झटकायचे, स्लिपर घालायचे आणि कपडे टाकायचे. आणि मी दहावीला विज्ञान शिकवते. ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा दर वर्षी शिकवते. फळ्यावर विद्युतघट, कळ, दिवा काढते, बाण दाखवते, गणितं सोडवून घेते. ते सगळं शाळेत ठेवून मी आईकडे यायची आणि मशीनला ‘करंट येतो’ हे असं मान्य करायची, जसं एखाद्या गायीबद्दल ‘ती जरा लाथ मारते’ म्हणतात.

माझं लहानपण कऱ्हाडचं. परसात कडीपत्त्याच्या झाडाजवळ सिमेंटचा एक चौकोनी खळगा होता, वर लोखंडी झाकण, आत मधोमध एक गंजका पाइप आणि त्याला बोल्टने आवळलेली तार. चैत्र लागला की बाबा संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झालं की एक बादली त्या खळग्यात ओतायचे. पाणी आत जाताना गटगट असा आवाज यायचा आणि तापलेल्या मातीचा, लोखंडाचा, थोडा खारट असा वास वर यायचा. घर बांधलं तेव्हा त्या खड्ड्यात मिठाचा एक थर, लोणारी कोळशाचा एक थर, परत मीठ, परत कोळसा असं भरलेलं बाबांनी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. मला ते फार अद्भुत वाटायचं. मीठ आणि कोळसा जमिनीत पुरायचा, उन्हाळ्यात त्याला पाणी पाजायचं. मी विचारायची, कशाला? बाबा म्हणायचे, ‘सुकी माती वीज घेत नाही. ओली असली की घेते.’ मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात. एवढंच त्यामागचं गणित, पण ते करणाऱ्या माणसाला दर उन्हाळ्यात आठवण ठेवावी लागते. बाबा तारखा विसरायचे, आमचे वाढदिवस विसरायचे. ती बादली विसरले नाहीत.

नदीकाठच्या मुलांना वीज म्हणजे पाण्यासारखीच वाटते. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे पोफळीला सोडतात, तिथे वीज होते, तारांवरून आपल्याकडे येते आणि दिव्यात संपते, असं मी धरून चालले होते. बाबांनी एकदा जेवताना ते खोडून काढलं. पाणी समुद्राला मिळालं की परत आलं नाही तरी चालतं, वीज परत गेली नाही तर ती निघतच नाही. फेजने यायचं, दिव्यातून जायचं, न्यूट्रलने डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, परतायचं. हा फेरा कुठेही तुटला की सगळं जागच्या जागी थांबतं. बटण म्हणजे तो फेरा मुद्दाम तोडायची जागा. आणि ती जागा फेजवरच हवी. घाईत कुणी बटण न्यूट्रलवर घेतलं तर दिवा बंद होतो, पण होल्डर जिवंतच राहतो. दिवा बंद आहे म्हणून स्टुलावर चढून बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला हे फार वाईट रीतीने कळतं. सर्किट या शब्दाला माझ्या मनात आजही तोच शब्द आहे, फेरा. शाळेत मी परिपथ शिकवते, पण मुलांच्या डोळ्यांत काही उजळत नाहीसं दिसलं की ‘फेरा’ म्हणते.

आता यात जमीन कुठून आली? तर डीपीजवळ न्यूट्रल स्वतःच जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे विजेला घरी परतायला दोन वाटा आहेत. एक न्यूट्रलची तार, आणि दुसरी आपल्या पायाखालची सगळी जमीन. फेजला हात लागला आणि पाय ओल्या फरशीवर असले की आपण त्या दुसऱ्या वाटेवरचा पूल होतो. पाखरू तारेवर निवांत बसतं, कारण त्याच्या पायाखाली जमीन नाही. रबरी स्लिपर हा पूल तोडते, इथपर्यंत आईचं बरोबर होतं. पण स्लिपरवरून पाणी ओघळतं, टाच मागे फरशीला टेकते, वाकताना तोल सावरायला दुसरा हात ओल्या भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला लागतो. मग वाट पायातून जातच नाही. या हातातून त्या हातात जाते, आणि मध्ये छाती असते.

आकडे मी वर्गात घालते तेच. घरातलं विभवांतर २३० व्होल्ट. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, कधी त्याहून पुष्कळ जास्त. ओल्या अंगाचा तो हजाराच्या आसपास उतरतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या पुढे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. करंट माणसाला चिकटवतो म्हणतात ते हेच. तो ओढत नाही, आपलीच मूठ आपलं ऐकत नाही. मावशी बोटांची मागची बाजू लावून बघतात, त्याला हा अर्थ आहे. झटका बसून हात आवळला तरी मूठ वस्तूवर मिटत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं असेल, की अंगावर घेऊन त्या शिकल्या असतील? तीसच्या पुढे हृदयाचा ताल बिघडायची भीती सुरू होते. हिशेब फळ्यावर दोन ओळींत होतो. मुलं तो वहीत उतरवतात आणि खाली दुहेरी रेघ मारतात.

आणि याच हिशेबात एक गोष्ट आहे जी घराघरांत उलटी समजली जाते. ‘आमच्याकडे एमसीबी आहे ना,’ असं लोक निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा खटका. मशीनच्या पॉइंटवरचा एमसीबी १६ अँपिअरचा असतो, म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसातून २३० मिलिअँपिअर वाहत असले तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही; त्याच्या लेखी घरात कुठेतरी साठचा बल्ब लागला आहे इतकंच. एमसीबी वायर वाचवायला असतो. ती तापू नये, तिच्यावरचं प्लास्टिक वितळू नये, घर पेटू नये म्हणून. जुना पांढरा चिनी मातीचा किटकॅट फ्यूजही त्याचसाठी होता. आमच्याकडे तो उडाला की बाबा बॅटरीच्या उजेडात बारीकशी तार दोन स्क्रूंमध्ये ओढायचे, मी बॅटरी धरायची, आणि डास माझ्या घोट्यांना चावायचे. शेजारी एकदा सारखा फ्यूज जातो म्हणून एकाने तांब्याची जाड तार बांधून घेतली होती. बाबा ती पाहून आले आणि रात्री जेवले नाहीत धड. उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्या घरातून जळक्या वायरीचा तो वास आला, तिखट, मासळीसारखा, नाकात दोन दिवस बसून राहणारा. भिंतीवरची लाकडी पट्टी हातभर काळी झाली होती. तेवढ्यावर निभावलं.

माणूस वाचवायला वेगळी वस्तू लागते. आरसीसीबी. ती फेजने किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परत आली हे सतत ताडून बघत असते. घरगुती आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरची तफावत आली, म्हणजे कुठेतरी कुणीतरी पूल झालं आहे, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत घर बंद करते. माझ्या बाबांचा तो फेरा मोजणारी ही पेटी आहे, असं मला वाटतं, आणि म्हणून ती मला मनापासून आवडते. आईच्या घरात ती नव्हती.

पावसाळ्यात दर वर्षी एक बातमी येते, गावाचं नाव तेवढं बदलतं. विजेच्या खांबावरून पत्र्याच्या घरावर आलेली सर्व्हिस वायर वाऱ्याने घासून घासून उघडी पडते, पत्र्यात वीज उतरते, पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते, आणि बाई ओले कपडे घेऊन तिथे जाते. बातमीत बहुतेकदा दुसरंही नाव असतं. तिला सोडवायला धावलेल्या नवऱ्याचं, नाहीतर मुलाचं. आधी मेन बंद करायचा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर लोटायची, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण आपलं माणूस डोळ्यासमोर थरथरताना लाकूड कुठे आहे हे कोण बघतं? माझ्या आजोळी अंगणात कायम नायलॉनची दोरी असायची. कपड्यांचं वजन पडलं की ती झोळीसारखी लोंबायची, चादरी जमिनीला टेकायच्या. तार बांध म्हणून मामा आजीच्या मागे लागायचा. आजीने शेवटपर्यंत तार बांधू दिली नाही. का, ते तिने सांगितलं नाही, आणि गल्लीतल्या कुठल्या घराकडे बघायचं ती टाळायची ते मला मोठेपणी समजलं.

त्या रात्री आईच्या शेजारी पडल्या पडल्या हे सगळं डोक्यात फिरत राहिलं. सकाळी उठून इलेक्ट्रिशियनला फोन केला. दुसऱ्या दिवशी आला तो विशीतला मुलगा होता, पाठीवर सॅक, बोलायला कमी. त्याने आधी मशीनच्या बॉडीला टेस्टर लावला. आतला दिवा लालसर, मिणमिणता पेटला. टेस्टर पेटतो तेव्हा करंट आपल्याच अंगातून जमिनीत जात असतो, आत भलामोठा रोध घातलेला असतो म्हणून तो जाणवत नाही. लहानपणी वायरमनकाकांनी हे सांगितलं तेव्हा मी टेस्टर हातातून टाकला होता. मुलगा म्हणाला, ‘मशीन चांगलं आहे ताई. आत फिल्टर असतो, त्यातून थोडा करंट बॉडीवर येतोच. तो अर्थिंगने जायला पाहिजे. तुमचं अर्थिंग घेत नाहीये.’ अर्थिंग म्हणजे प्लगच्या जाड तिसऱ्या पिनेपासून जमिनीपर्यंत गेलेली तार, कऱ्हाडच्या खळग्यातल्या पाइपला आवळलेली होती तीच. आणि फिल्टर म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये बसवलेले दोन छोटे कपॅसिटर, त्यांचा मधला बिंदू मशीनच्या पत्र्याला जोडलेला. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण निम्म्या व्होल्टवर, ११५च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, मुंग्यांपुरता. म्हणजे चार वर्षं ते मशीन बिघडलेलं नव्हतं. त्या मुंग्या हीच सूचना होती, की जाडी तिसरी पिन पोकळीत लोंबते आहे, आणि ज्या दिवशी आतली एखादी वायर खरोखर सोलवटून पत्र्याला टेकेल त्या दिवशी अख्खे २३० झाकणावर येतील. आम्ही त्या सूचनेला स्लिपर घालून गप्प केलं होतं.

त्याने होल्डरला साठचा बल्ब लावला, दोन वायरी काढल्या. फेज-न्यूट्रल धरलं, बल्ब लख्ख. फेज-अर्थ धरलं, काही नाही. मग तो हिरव्या वायरीचा माग काढत निघाला. बोर्डातून ती केसिंगमध्ये शिरली, कोपऱ्यावरून वळली, बेसिनच्या मागे उतरली. त्याने बेसिनखाली मान घातली, मोबाईलचा उजेड पाडला आणि मला हाक मारली. भिंतीत हातभर लांबीचा जुना लोखंडी पाइप राहिला होता. वरून कापलेला, खालूनही कापलेला. त्याला क्लॅम्प, क्लॅम्पला नीट आवळलेली हिरवी वायर. इमारत १९८४ची, पॉवरचे पॉइंट पुढे कधीतरी वाढवले तेव्हा कुणीतरी अर्थिंग जवळच्या नळाच्या पाइपला बांधलं होतं. तेव्हा सर्रास तसं करत, आणि पाइप लोखंडी असून थेट जमिनीत जात असल्यामुळे ते चालूनही जायचं. चार-साडेचार वर्षांपूर्वी सोसायटीने गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे टाकले. पाण्याचा जोर वाढला, सगळे खूश झाले, आईने प्लंबरच्या पोरांना शिरा करून खाऊ घातला होता. प्लंबरने पाइप कापला, त्याच्या कामाला वायरीचा अडथळा नव्हता, त्याने तिला हात लावला नाही. कुणाचीच चूक नव्हती. वायर दोन्हीकडून कापलेल्या त्या तुकड्याला घट्ट धरून बसली होती.

‘म्हणजे चार वर्षं आपण...’ आई म्हणाली, आणि पुढे बोलली नाही.

ही तिसरी तार मला कायम वेगळी वाटत आली आहे. पुस्तकी मराठीत तिला भूसंपर्कन म्हणतात. फेज, न्यूट्रल रोज राबतात. हिच्यातून सगळं सुरळीत असताना जवळजवळ काहीच वाहत नाही. ती तुटली तरी पंखा फिरतो, फ्रिज गार राहतो, मशीन धुतं. तिच्या नसण्याची खबर लागायला काही बंद पडावं लागतं, आणि बंद काहीच पडत नाही. म्हणून प्लगची ती वरची पिन जाड आणि लांब केली आहे. लांब अशासाठी, की प्लग खोचताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. वीज यायच्या आधी जमीन, वीज गेल्यानंतर जमीन. ज्या कुणी हे ठरवलं त्याने खोचणाऱ्या हाताचा विचार केला होता. वर्गात मी हे आता दहा मिनिटं शिकवते, आधी एका वाक्यात आटपायची.

दुरुस्तीला एक दिवस लागला. खाली मीटरच्या खोलीजवळ इमारतीचा खड्डा होता, तिथून डक्टमधून हिरवी वायर वर आणली, बोर्ड बदलला, पेटीत आरसीसीबी बसवली. मुलाने आईला तिच्यावरचं छोटं टेस्ट बटण दाखवलं आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं. आईने पदराला हात पुसून बटण दाबलं. खट्ट. घर अंधारलं, पंखा हळूहळू थांबला, फ्रिजची घरघर गेली आणि अचानक पावसाचा आवाज मोठा झाला. आई अंधारात तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्या बाबांना आवडलं असतं हे.’

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, चपला जिन्यात काढल्या, सवयीने स्लिपर घातली. मी म्हटलं, आता नको, नीट करून घेतलंय. त्यांनी ऐकलं, पण स्लिपर काढली नाही. आधी बोटांची मागची बाजू लावली. थांबल्या. मग आख्खा तळवा झाकणावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

‘गेला की हो करंट,’ त्या म्हणाल्या. चादरी बादलीत भरता भरता, जरा वेळाने, पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘ताई, आमच्या फ्रिजलापण येतो. पोरींना सांगितलंय, फडका धरून उघडायचा.’

‘थ्री-पिन आहे ना त्याला?’

‘होती. भिंतीतल्या बोर्डाला दोनच भोकं आहेत, बसत नव्हती. मग ह्यांनी वरची जाडी पिन मोडून टाकली.’

पत्ता लिहून घेतला. त्या मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला रविवारी दहाला येतो, पण घर पत्र्याचं असेल तर आधी सर्व्हिस वायर कुठून आलीय ते बघू.